इंग्रजीतील ‘श्वा’ आणि सिलॅबल : सातवीच्या मुलांना हे कसे समजावून सांगावे?

कापूसवाट (प्रश्न) :

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. राज्यात २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले, त्यामुळे आज माझ्यासमोर बसणारी मुले सहा-सात वर्षे इंग्रजी वाचत आलेली असतात. परंतु त्यांच्या कानावर पडलेले इंग्रजी हे बहुतांशी आम्हा शिक्षकांच्या तोंडचे असते, आणि आम्ही ते स्पेलिंगवरून शिकलो आहोत.

गेल्या महिन्यात माझ्या वर्गातील एका मुलीने तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ‘माय व्हिलेज’ या विषयावर इंग्रजीतून भाषण केले. ती एकाही ठिकाणी अडखळली नाही. परीक्षकांनी नंतर तिला जवळ बोलावून सांगितले की, तू प्रत्येक अक्षर सारख्याच वजनाने उच्चारतेस, त्यामुळे ऐकताना ते इंग्रजी वाटत नाही. तुझ्या मॅडमना ‘श्वा’ शिकवायला सांग. परतताना काळीपिवळीत ती बराच वेळ गप्प बसली होती, आणि गाव जवळ आल्यावर तिने मला विचारले, “मॅडम, मंग आतापर्यंत आपन सारं चुकीचंच म्हटलं का जी?” मला तिला उत्तर देता आले नाही, कारण ‘श्वा’ हा शब्द मी स्वतः त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला होता.

त्या रात्री मी मोबाईलवरील शब्दकोशात काही शब्दांचे उच्चार ऐकले. ‘फोटोग्राफ’मध्ये ‘फो’ अगदी स्वच्छ ऐकू येतो, परंतु ‘फोटोग्राफी’ हा शब्द लावला की तोच ‘फो’ नाहीसा होऊन ‘फ’ होतो आणि शब्द ‘फटॉग्रफी’ असा ऐकू येतो. स्पेलिंगमध्ये एक अक्षरही बदललेले नसताना उच्चार का बदलावा, हे मला कळले नाही. दुसरी अडचण सिलॅबल मोजण्याची आहे. मुले ‘ट्रॅक्टर’ हा शब्द तीन सिलॅबलचा सांगतात, कारण आपण तो लिहिताना तीन अक्षरे लिहितो. उत्तर मात्र दोन असे येते. तेव्हा श्वा म्हणजे नेमके काय, सिलॅबल कसे मोजावे, आणि आमच्यासारख्या शाळेत हे शिकवण्यात वेळ घालवावा का, याविषयी जाणकारांनी सविस्तर सांगावे अशी विनंती आहे.

सातपुड्याची सावली :

ताई, प्रश्न फार चांगला विचारला आहे. मी अचलपूर तालुक्यात अनेक वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झालो, आणि हीच गोष्ट मला नोकरीची निम्मी वर्षे उलटल्यावर उमगली, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी सिलॅबल, म्हणजे शब्दाचा एका झटक्यात म्हटला जाणारा तुकडा पाहू. व्याकरणात त्याला अवयव म्हणतात, परंतु मुलांना शब्दापेक्षा कृती लवकर समजते. हाताचा पंजा हनुवटीखाली आडवा धरून शब्द सावकाश म्हणायला सांगा. हनुवटी जितक्या वेळा हाताला टेकते, तितके सिलॅबल, कारण प्रत्येक सिलॅबलच्या मध्यभागी एक स्वर असतो आणि स्वरासाठी जबडा थोडा तरी उघडावा लागतो. ‘ट्रॅक्टर’ म्हणताना हनुवटी दोनदाच खाली येते : ट्रॅक्, टर्. मुलांची चूक त्यांच्या कानाची नाही, ती आपल्या लिपीच्या सवयीची आहे. आपण ‘घर’ हा शब्द दोन अक्षरांनी लिहितो, पण बोलताना शेवटचा अ गळून पडतो आणि ‘घर्’ असा एकच अवयव उरतो. ‘करतो’ तीन अक्षरांनी लिहितो आणि ‘कर्तो’ असा दोन अवयवांत म्हणतो. कवितेच्या तासाला लघु-गुरू मोजताना मात्र आपण ‘घर’ची दोन अक्षरे धरतो, त्यामुळे मुलांच्या मनात लिहिलेले अक्षर आणि बोललेला अवयव या दोन गोष्टी एक होऊन बसतात. म्हणून इंग्रजीच्या आधी दोन दिवस मराठी शब्दांवरच हनुवटीचा हा खेळ घ्यावा, असे मी सुचवीन. कापूस, वावर, पऱ्हाटी, सरपण असे घरचे शब्द घ्या.

आता श्वा. हे नाव हिब्रू लिपीत अक्षराखाली देतात त्या दोन ठिपक्यांच्या खुणेवरून आले आणि जर्मन भाषाअभ्यासकांमार्फत सर्वत्र पसरले. शब्दकोशात इंग्रजीचा छोटा ‘ई’ उलटा केल्यासारखी जी खूण दिसते, ती याच स्वराची. नाव परके असले तरी आवाज परका नाही. ‘कमळ’ या शब्दातला पहिला ‘क’ म्हणून पाहा. त्यातला जो अ आहे, तो म्हणताना जीभ तोंडाच्या मध्यावर सैल पडलेली असते, ओठ गोल होत नाहीत की ताणले जात नाहीत, जबडा अर्धवटच उघडतो. इंग्रजीतला श्वा जवळजवळ हाच अ आहे. फक्त तो आपल्या अ-पेक्षा आखूड आणि दुबळा असतो, कारण तो नेहमी आघात, म्हणजे जोर, नसलेल्या जागीच येतो. आपल्या बाळबोध मुळाक्षरांची सुरुवातच ज्या स्वराने होते, तो स्वर इंग्रजी बोलण्यात सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर आहे, ही गोष्ट वर्गात सांगितली की मुलांच्या चेहऱ्यावरची भीती कमी होते, हा माझा अनुभव आहे.

मग अडते कुठे? इंग्रजीत या स्वराला स्वतःचे अक्षर नाही. तो पाचही स्वराक्षरांच्या मागे दडून बसतो. ‘कॅनडा’तील मधला ए, ‘डझन’मधील ई, ‘एप्रिल’मधील आय, ‘वॅगन’मधील ओ आणि ‘अल्बम’मधील यू, या सगळ्यांचा उच्चार तोच एक दुबळा अ आहे. आपण स्पेलिंगमध्ये ओ पाहिला की ओ म्हणतो आणि ए पाहिला की ए किंवा आ म्हणतो, आणि तिथे घोटाळा होतो.

तुमच्या ‘फोटोग्राफ’चे कारणही यातच आहे. इंग्रजीच्या प्रत्येक मोठ्या शब्दात एका सिलॅबलवर मुख्य आघात असतो. आघाताचे सिलॅबल लांब, स्वच्छ आणि किंचित उंच आवाजात म्हटले जाते. शेजारची सिलॅबल आक्रसतात आणि त्यांचे स्वर श्वाकडे झुकतात. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात ‘फो’वर आहे म्हणून मधला ‘टो’ आक्रसून ‘ट’ होतो. ‘फोटोग्राफी’मध्ये आघात सरकून ‘टॉ’वर जातो, म्हणून ‘फो’चा ‘फ’ आणि ‘ग्रा’चा ‘ग्र’ होतो. ‘फोटोग्राफिक’मध्ये तो आणखी पुढे ‘ग्रॅ’वर जातो.

हे विचित्र वाटत असेल तर आपल्याच शेतातला शब्द घ्या. ‘कापूस’ म्हणताना ‘पू’ दीर्घ आणि ठळक आहे. त्याला प्रत्यय लागून ‘कापसाचा’ झाला की तो ऊ कुठे गेला? तिथे अ आला, आणि बोलताना तर तोही गळून आपण ‘काप्साचा’ म्हणतो. पाऊस-पावसात, लाकूड-लाकडाचे, माणूस-माणसाला ही सगळी त्याच घरची उदाहरणे आहेत. शब्द मागून लांबला की मधला स्वर क्षीण होतो, हे आपल्या मुलांना कोणी न शिकवता येते. दोन भाषांतील कारणे तंतोतंत एक नाहीत, कारण मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. परंतु स्वर शब्दातील आपल्या जागेवर अवलंबून असतो ही कल्पना सातवीच्या मुलाला यापेक्षा सोप्या वाटेने कळणार नाही.

कोरडवाहू :

मी शिक्षक नाही. वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेच्या बाजूला आमची शेती आहे, आणि वाचनाची आवड असल्याने येथे येत असतो. सरांचे उत्तर वाचून माझ्या मनात एक गोष्ट आली, ती लिहितो.

माझी आजी शाळेत गेली नव्हती आणि तिला मराठीसुद्धा वाचता येत नसे. ती ‘टेसन’ म्हणायची, ‘लंबर’ म्हणायची, ‘डागदर’ म्हणायची. आम्ही भावंडे शिकू लागलो तेव्हा तिचे उच्चार सुधारण्याचा आम्हाला मोठा उत्साह असे. ओसरीवर धान्य निवडत बसलेल्या आजीला मी “आजी, टेसन नाही, स्टेशन” असे तीन-चारदा म्हणायला लावल्याचे मला स्पष्ट आठवते. ती दर वेळी सुपातले खडे बाजूला काढत “तेच तं म्हनलं मी” असे म्हणून पुन्हा ‘टेसन’च म्हणत असे. आज सरांनी सांगितल्याप्रमाणे हनुवटीखाली हात धरून मी तो शब्द म्हणून पाहिला. इंग्रजीत त्याला दोन सिलॅबल आहेत, पहिल्यावर आघात आणि दुसऱ्यात श्वा. आजीच्या शब्दातही दोनच अवयव, पहिला ठळक आणि दुसऱ्यात तोच अ. तिला सुरुवातीचे जोडाक्षर जड गेले म्हणून तिने स् सोडून दिला, एवढाच फरक. उलट आमच्याकडे शिकलेली कितीतरी माणसे ‘इस्टेशन’ म्हणतात, आणि त्यात आधी एक स्वर वाढवल्यामुळे सिलॅबल तीन होतात. आजीने व्यंजन घालवले, पण शब्दाचा ठेका जसाच्या तसा राखला.

नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ साली आली, आणि तिच्या मागोमाग सरक्या काढण्याचे कारखाने, कापसाचे व्यापारी, कचेऱ्या, दवाखाने आले. त्या काळात खेड्यातल्या माणसाने इंग्रजी शब्द उचलले ते कानाने, कारण वाचण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून मला असे वाटते की या जुन्या शब्दांत श्वा अगदी योग्य जागी बसलेला आहे. कलेक्टर पाहा : इंग्रजीत पहिल्या सिलॅबलमध्ये ओ आहे, शेवटच्यातही ओ आहे, आणि आपण दोन्ही ठिकाणी अ म्हणतो; इंग्रजाच्या तोंडीही दोन्ही ठिकाणी श्वाच आहे. डझन, बटन, टेबल, सायकल, पार्सल, पेन्शन, राशन हे सगळे तसेच. विहिरीवर बसवतो ती आमची ‘मोटर’ इंग्रजीच्या जवळ आहे, आणि छापील मराठीत येणारी ‘मोटार’ लांब आहे. जे शब्द पुढे पुस्तकातून आले किंवा स्पेलिंग पाहून पक्के झाले, त्यांत मात्र ओ-कार आणि आ-कार ठळक झाले : पेट्रोल, प्रोफेसर, टोमॅटो. ‘पोलीस’ हा शब्द कानानेच आला असावा, तरी त्यात ‘पो’ आहे, म्हणून हा काही पक्का नियम आहे असे मी म्हणत नाही.

ताई, तुमच्या विद्यार्थिनीला एवढे नक्की सांगा की तिच्या पणजीला श्वा येत होता.

कापूसवाट :

दोघांचेही मनापासून आभार. दादा, तुमच्या आजीची हकिकत मी दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगितली. मुलांना घरून जुने इंग्रजी शब्द गोळा करून आणायला सांगितले, तर एका मुलाने ‘अर्दली’, दुसऱ्याने ‘हापिस’ आणि तिसऱ्याने ‘गिलास’ आणला. ‘गिलास’वर चांगलीच चर्चा झाली, कारण इंग्रजीत त्या शब्दाला एकच सिलॅबल आहे आणि आपण ग आणि ल यांच्यामध्ये इ घालून दोन केले. हे मुलांनी स्वतः, हनुवटीखाली हात धरून शोधले. मला काही सांगावे लागले नाही.

आता माझी अडचण पुढची आहे. श्वा ओळखायचा तर आघात कुठे आहे हे आधी कळले पाहिजे, आणि स्पेलिंगवर तर आघाताची खूण नसते. प्रत्येक शब्द पाठ करावा लागेल का? शिवाय परीक्षकांनी एक वाक्य म्हणून दाखवले होते, त्यात ‘कॅन’ हा शब्द मला ऐकूच आला नाही.

झाडीपट्टी :

मी मूळचा गोंदिया जिल्ह्यातला असून सध्या भाषाशास्त्राचे शिक्षण घेत आहे. आघाताला पूर्ण नियम नाहीत, परंतु काही शेपट्या ओळखल्या की बरेच शब्द हाती लागतात. ज्या शब्दांच्या शेवटी ‘शन’ येतो, म्हणजे एज्युकेशन, इन्फर्मेशन, इरिगेशन, त्यांत आघात नेहमी त्या ‘शन’च्या लगेच आधीच्या सिलॅबलवर असतो, आणि ‘शन’मध्ये श्वा असतो. शेवटी ‘इक’ येणाऱ्या बहुतेक शब्दांतही आघात त्याच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर असतो. ‘ग्राफी’, ‘लॉजी’ आणि ‘इटी’ ज्यांच्या शेवटी येते, त्यांत आघात शेवटून तिसऱ्या सिलॅबलवर असतो : फटॉग्रफी, बायॉलजी, अबिलिटी. शेवटी ‘मेंट’ असेल तर त्या नामात तो ‘मंट’ असा दुबळा होतो. ‘डेव्हलपमेंट’मध्ये आघात दुसऱ्या सिलॅबलवर, म्हणजे ‘व्हे’वर आहे, आणि आपण तो सर्रास पहिल्यावर देतो.

दोन सिलॅबलचे काही शब्द नाम असताना पहिल्यावर आघात घेतात आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर. त्यातला एक तर एस.टी.ने फिरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, फक्त तो आडून येतो. वागणूक या अर्थाचे नाम ‘कॉन्डक्ट’ असे, पहिल्यावर जोर देऊन म्हणतात. चालवणे, पार पाडणे या अर्थाचे क्रियापद ‘कन्डक्ट’ असे, आणि तिथे ‘कॉ’चा श्वा होतो. आपला ‘कंडक्टर’ क्रियापदापासून झाला आहे, म्हणून त्यात ‘कं’ आहे, आणि तो अगदी बरोबर आहे.

‘कॅन’विषयी. इंग्रजीतील छोट्या व्याकरणिक शब्दांना दोन-दोन उच्चार असतात, एक ठळक आणि एक दुबळा. कॅन, टू, ऑफ, फॉर, अँड, फ्रॉम, हॅव असे सुमारे चाळीस शब्द या वर्गात मोडतात. वाक्याच्या मध्ये, जोर नसताना, त्यांचा दुबळा उच्चारच स्वाभाविक असतो. म्हणून ‘मी पोहू शकते’ या अर्थाच्या वाक्यात ‘कॅन’चा नुसता ‘कन’ होतो आणि जोर पोहण्यावर जातो. ‘शकत नाही’ असे म्हणायचे असेल तेव्हा मात्र ‘कान्ट’ पूर्ण आणि ठळक येतो. ज्याला हे माहीत नाही, तो ऐकताना होकार आणि नकार यांची अदलाबदल करू शकतो.

हे सगळे इंग्रजीत आले कसे, तेही सांगतो. इंग्रजी ज्या कुळातली आहे, त्या जर्मानिक भाषांमध्ये आघात शब्दाच्या सुरुवातीला पक्का झाला आणि शेवटचे स्वर हळूहळू झिजत गेले. जुन्या इंग्रजीत ‘नेम’ हा शब्द ‘नमा’ असा दोन सिलॅबलचा होता. पुढे त्यातला शेवटचा आ श्वा झाला, त्यानंतर तोही गळाला, आणि स्पेलिंगमध्ये मागे मुका ‘ई’ तेवढा राहिला. संस्कृतातील ‘राम’मधला शेवटचा अ मराठीत असाच गळाला आणि लिपीत मात्र राहिला. दोन्ही भाषांच्या लिपीत जुन्या उच्चाराची ही खूण शिल्लक आहे.

येथपर्यंत सरांशी माझा मतभेद नाही, परंतु परीक्षकांच्या शेऱ्याशी आहे. इंग्रजीत आघात समान अंतराने पडतात आणि आपल्यासारख्या भाषांत सिलॅबल समान अंतराने पडतात, अशी विभागणी भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी १९४५ साली मांडली, आणि उच्चार शिकवणारे बहुतेक जण आजही तिचाच आधार घेतात. पुढे जेव्हा प्रत्यक्ष बोलण्याचे यंत्राने मोजमाप झाले, तेव्हा अंतरे इतकी नेमकी समान आढळली नाहीत. शिवाय भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली असे मांडले की, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही असे दोघे जण एकमेकांशी इंग्रजीत बोलतात, तेव्हा एकमेकांचे बोलणे समजण्यासाठी दुबळे उच्चार आवश्यक नसतात. व्यंजने, स्वरांचे ऱ्हस्व-दीर्घत्व आणि वाक्यातील मुख्य जोर नीट असला म्हणजे पुरते. जगात इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये अशाच लोकांची संख्या मोठी आहे. आमच्या झाडीबोलीत ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. पुढच्या शिक्षणासाठी बाहेर गेल्यावर मला त्यावरून वर्गात उभे करून हा शब्द पुन्हा म्हणायला लावला गेला होता, आणि त्यानंतर कित्येक महिने मी वर्गात तोंड उघडले नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, आघात जरूर शिकवा, श्वा ऐकवा, परंतु श्वा म्हटला नाही म्हणून कोणाचे गुण कापू नका आणि कोणाला थांबवू नका.

सातपुड्याची सावली :

झाडीपट्टी, तुमचे म्हणणे मला मान्य आहे, आणि वर्गात तुम्हाला उभे करणाऱ्या व्यक्तीचे वर्तन मला अजिबात मान्य नाही. फक्त एक भर घालतो. बोलण्यासाठी श्वा अनिवार्य नसेल, पण ऐकण्यासाठी आहे. ज्या मुलाने ‘ब्रेड अँड बटर’ असेच तीन ठळक शब्द ऐकले आहेत, त्याला ‘ब्रेडन्बटर’ हा काही वेगळाच शब्द वाटतो. मोबाईलवरचा पाठ ऐकताना आपली मुले अडतात ती कठीण शब्दांवर फारशी नाही. या गिळलेल्या छोट्या शब्दांवर जास्त अडतात. म्हणून माझ्या मते सातवीत श्वा कानासाठी शिकवावा आणि तोंडासाठी मोकळा सोडावा.

ताई, त्यासाठी मी वापरत असलेली एक पद्धत सांगतो. आपल्या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी गावोगावी आहे, आणि शाळेत ती वाजवू शकणारे एक तरी मूल असतेच. त्या मुलाला संथ, सारख्या ठेक्यावर तीन-तीन थापा द्यायला सांगा. बाकीच्यांनी पहिल्यांदा ‘फार्मर्स सेल कॉटन’ हे वाक्य म्हणायचे आणि ‘फार’, ‘सेल’, ‘कॉ’ ही तीन सिलॅबल थापेवर आणायची. मग थाप तशीच ठेवून ‘द फार्मर्स हॅव बीन सेलिंग देअर कॉटन’ म्हणायचे. पहिल्या वाक्यात पाच सिलॅबल आहेत, दुसऱ्यात दहा, आणि थापा मात्र तीनच. मधली सिलॅबल त्या मोजक्या जागेत बसवायची तर ती आखडावीच लागतात, आणि ‘द’, ‘हॅव’, ‘देअर’ हे शब्द आपोआप पातळ होतात. यंत्राच्या मोजमापात खरे इंग्रजी बोलणे इतके तालात नसते हे खरे, परंतु भजन म्हणणारासुद्धा बोलताना तालात बोलत नाही. ताल शिकण्यासाठी असतो.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. मुलांना श्वा आवडला की ती तो सगळीकडे पेरतात. ‘हॉटेल’मध्ये इंग्रजी आघात ‘टेल’वर आहे हे कळल्यावर माझ्या वर्गातली मुले काही दिवस ‘हटल’ म्हणत होती. आघाताच्या जागी श्वा येत नाही, हे त्यांना पुन्हा सांगावे लागले.

कापूसवाट :

खंजिरीचा प्रयोग काल केला. आमच्या शाळेत खंजिरी नव्हती, ती गावातील भजन मंडळाकडून आणली. दुसरे वाक्य पहिल्या चार वेळा थापेच्या बाहेर गेले, पाचव्या वेळी अर्ध्या वर्गाला जमले. त्या मुलीने आपल्या भाषणाचा कागद काढून प्रत्येक मोठ्या शब्दातील आघाताच्या सिलॅबलखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली आहे, आणि शंका आली की मोबाईलवर ऐकून खात्री केली आहे. आता तिचीच एक शंका विचारते, कारण मलाही उत्तर माहीत नाही. तिच्या भाषणाचा विषय ‘माय व्हिलेज’. ती म्हणते की, ‘व्हिलेज’मध्ये आघात ‘व्हि’वर आहे, तर ‘लेज’मध्ये श्वा यायला हवा, पण तिला तिथे अ ऐकू येत नाही आणि आपण म्हणतो तो ए-ही ऐकू येत नाही. तिच्या कानाला तो ‘व्हिलिज’ असा ऐकू येतो. तिचे ऐकणे चुकते आहे का?

सातपुड्याची सावली :

तिचे ऐकणे पूर्णपणे बरोबर आहे. आघात गेलेला स्वर दर वेळी अ-कडेच झुकतो असे नाही. काही शब्दांत तो ऱ्हस्व इ-कडे झुकतो. शेवटी ‘एज’ अशी अक्षरे असलेले व्हिलेज, कॉटेज, मेसेज हे शब्द त्याच गटातले, आणि त्यांचा शेवट ‘इज’ असा होतो. तिला मराठीतलीच दोन रूपे शेजारी-शेजारी लिहून दाखवा : ‘कापूस’चे ‘कापसाला’ होताना ऊ जाऊन अ येतो, आणि ‘बहीण’चे ‘बहिणीला’ होताना ई जागेवरच राहते, फक्त आखूड होते.